नव्याने उभ्या केलेल्या जुन्या गाडीची विम्यातली किंमत कशी ठरवून घ्यायची

सांगली-मिरजेत जुन्या गाड्या जिवापाड जपणारी माणसं बरीच आहेत. कुणाकडे वडिलांच्या नावावरची पद्मिनी आहे, कुणाकडे येझदी, कुणाच्या शेतावर महिंद्राची जुनी जीप. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात बनलेल्या प्रिया स्कूटरही लोकांनी पुन्हा रस्त्यावर आणल्यात. कुपवाड एमआयडीसीच्या परिसरात पत्राकाम, लेथ, रिबोअरिंग, पावडर कोटिंग सगळं हाताशी मिळतं. पैसे आणि वर्ष-दीड वर्षाचा धीर असला की गाडी उभी राहते. विम्याचं मात्र शेवटी आठवतं आणि एजंटने पुढे केलेल्या कागदावर सही होते.

त्याने काय होतं ते आकड्यांत बघा. समजा पद्मिनीवर तुमचे 3 लाख खर्च झाले आणि पॉलिसीत तिची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी जाहीर केलेली किंमत, 40,000 लागली. घाटात गाडी घसरून कठड्याला घासली. दोन दारं, फेंडर आणि रंगकाम मिळून 35,000 चा अंदाज निघाला. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की पॉलिसीच्या अटींप्रमाणे गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. इथे ती रेषा 30,000 वर आहे. म्हणजे इंजिन ठणठणीत, चासी सरळ, तरी कंपनीच्या हिशेबी गाडी संपली. तुमच्या हातात 40,000, त्यातून सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक दाव्यात मालकाने सोसायची ठरावीक रक्कम, जाणार, आणि गाडी स्वतःकडेच ठेवायची म्हटलं तर मोडीची किंमतही जाणार.

हे टाळता येतं. त्यासाठी गाडी उघडी असल्यापासून कागद जमवावे लागतात आणि पॉलिसी निघण्याआधी कंपनीशी बोलून किंमत ठरवावी लागते.

आपल्याकडे नियम काय आहे

परदेशी व्हिडिओंमध्ये ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ पॉलिसी सर्रास दिसते. मालक आणि कंपनी एक रक्कम ठरवतात आणि गाडी गेली तर तीच रक्कम मिळते. आपल्याकडे मोटार विम्याचे दर आणि नियम ठरवणाऱ्या 2002 च्या मोटार दरपत्रकाने या नावाची पॉलिसी फक्त व्हिंटेज गाड्यांना दिली. तिथे व्हिंटेज म्हणजे 31 डिसेंबर 1940 पूर्वी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली गाडी. आपल्या बहुतेकांच्या गाड्या त्यात बसत नाहीत.

पण त्याच दरपत्रकात आपल्या कामाचं एक कलम आहे. नव्या गाडीची आयडीव्ही ठरलेल्या कोष्टकाने उतरते: सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के घट, मग 15, 20, 30, 40 आणि पाचव्या वर्षी 50. पाच वर्षं उलटलेल्या गाडीला, आणि कंपनीने बनवणं बंद केलेल्या मॉडेलला, हे कोष्टक लागू नाही. तिथे किंमत मालक आणि विमा कंपनी यांनी आपसांत समजुतीने ठरवायची. एकदा ठरली की पॉलिसीच्या मुदतीत टोटल लॉस किंवा चोरीच्या दाव्यात तीच रक्कम बाजारभाव म्हणून धरली जाते, तिच्यातून पुन्हा घसारा, म्हणजे जुनेपणाची घट, कापत नाहीत. पॉलिसीवर ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ हे शब्द नसले तरी काम तेच होतं.

गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे दर 2007 पासून कंपन्यांवर सोपवले गेले, तरी आयडीव्हीची ही चौकट बहुतेक पॉलिस्यांमध्ये अजून दिसते. आपल्या पॉलिसीच्या मजकुरात ते वाक्य आहे का, ते स्वतः वाचा.

आधी आरसी बुक

सर्व्हेअर, म्हणजे विम्यासाठी गाडीची पाहणी करणारा माणूस, गाडीभोवती फिरण्याआधी आरसी हातात घेतो. रंग, इंजिन नंबर, चासी नंबर, इंधन, बॉडीचा प्रकार हे सगळं गाडीशी जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर किंमतीचा विषयच निघत नाही.

रंग बदलला असेल तर आरटीओत त्याची नोंद करून घ्या. सांगलीची गाडी एमएच 10, साताऱ्याची 11, कराडची 50. ज्या कार्यालयात नोंदणी आहे तिथेच अर्ज. इंजिन बदलायचं असेल तर आधी परवानगी, मग काम, आणि त्या इंजिनचं खरेदीबिल जपून ठेवायचं. भंगारातून आणलेल्या इंजिनचं बिल नसेल तर ते बसवूच नका. ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर विम्याआधी पोलिसांचा प्रश्न येतो. सीएनजी किट असेल तर तेही आरसीवर आणि पॉलिसीवर, दोन्हीकडे हवं.

मॉडिफिकेशनबद्दल स्पष्ट सांगतो, कारण याच जागी नवखे लोक सगळ्यात जास्त अडकतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच उचलून धरलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जीपची चासी कापून लांबी कमी केली, परवानगीशिवाय दुसऱ्याच गाडीचं डिझेल इंजिन घातलं, समोर लोखंडी बुलबार ठोकला, बुलेटला फटाके फोडणारा सायलेन्सर लावला, तर त्या खर्चाला विम्यात किंमत मिळणार नाही. वर अपघातानंतर दावा फेटाळायला कंपनीला आयतं कारण मिळेल. असे बदल झाले असतील तर ते मूळ स्थितीला आणा किंवा आरटीओकडून नियमित होतात का ते विचारा. लपवू मात्र नका. प्रस्ताव अर्जात बदलांबद्दल विचारलेलं असतं आणि खोटं उत्तर पुढे तुमच्याच अंगावर येतं.

अपंग व्यक्तीसाठी हाताने चालणारे ब्रेक-क्लच बसवलेली गाडी यात येत नाही. तो बदल कायद्याला मान्य आहे, आरसीवर नोंदवला की दरपत्रकाप्रमाणे स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात 50 टक्के सूटही आहे. ती मागून घ्या.

पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची पुनर्नोंदणी दर पाच वर्षांनी करावी लागते. ती संपलेली असताना विमा चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेल्या एका गाडीच्या चोरीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये नाकारला होता.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 पासून केंद्राची वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे, ‘व्हीए’ अक्षरांच्या नंबराची. गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनमध्ये मोठा फेरफार चालत नाही. नव्या नोंदणीची फी 20,000, मुदत दहा वर्षं. अशा खासगी मोटारीला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीच्या, हप्त्यात निम्मी सूट मिळते. पण मग ती प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रविवारी घरच्यांना घेऊन औदुंबरला जायचं असेल तर साधी नोंदणीच ठेवा. आणि ही नोंदणी म्हणजे विम्याच्या दरपत्रकातलं 1940 चं व्हिंटेज नव्हे. दोन्हींचे निकष वेगळे आहेत.

फाइल: खरी मेहनत इथे आहे

चकचकीत रंग लागल्यावर काढलेले फोटो किंमत ठरवायला फारसे उपयोगी नसतात. रंगाखाली नवा पत्रा आहे की पुट्टीचा थर, हे फोटोत कळत नाही आणि सर्व्हेअरला नेमकी तीच शंका असते. म्हणून गाडी उघडी असताना फोटो काढा. कुजलेला फ्लोअर कापून काढला तो फोटो, नवा पत्रा टाचून ठेवला तो, पूर्ण वेल्डिंग झालं तो, रेड ऑक्साइड मारलं तो, आणि शेवटी अंडरकोट. पाचही एकाच कोनातून आणि चौकटीत गाडीची ओळख पटेल असं काहीतरी. इंजिन उघडलं असेल तर ब्लॉकवरचा नंबर आणि नवे पिस्टन एकाच फोटोत आले पाहिजेत. फोटो मूळ स्वरूपात मेलवर पाठवून ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोत तारखेची माहिती उरत नाही.

चासी नंबराची जास्त काळजी घ्या. रंग उतरवताना ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंगचा झोत त्या पट्टीवर फिरला तर आकडे पुसट होतात, आणि पुसट नंबर म्हणजे छेडछाडीचा संशय. काम सुरू होण्याआधी ती जागा रॉकेलने पुसा, त्यावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी घासा. आकडे कागदावर उमटतात. आरटीओत ‘चासी प्रिंट’ म्हणतात ती हीच. दोन-तीन प्रिंट काढा, तारीख घाला, एक फाइलमध्ये लावा. मग त्या जागेवर जाड टेप चिकटवा आणि मिस्त्रींना स्वतः दाखवून सांगा, “मिस्त्री, एवढ्या टेपला हात लावायचा नाही, इथला रंग शेवटी हाताने मारू.” रंग झाल्यावर पुन्हा एक प्रिंट काढा. दोन्ही प्रिंट शेजारी ठेवल्या की विषय मिटतो.

आता बिलं. गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं, “दादा, बिल कशाला, जीएसटी वाचतोय की.” 3 लाखांच्या कामात तो वाचलेला कर फार महागात जातो. पत्रा, रंग, टायर, वायरिंग, काच, सीट, क्रोम यांची पक्की बिलं गाडीच्या नंबरासकट घ्या. जुन्या बाजारातून आणलेल्या सुट्या भागाला पक्कं बिल मिळत नाही. तिथे विकणाऱ्याची सही आणि तारीख असलेली पावती आणि यूपीआयने केलेलं पेमेंट, एवढं तरी ठेवा. मजुरीची पावती मिस्त्रींच्या लेटरहेडवर, कामाच्या वर्णनासह. ‘बॉडी काम – 80,000’ असं नको. ‘दोन्ही रनिंग बोर्ड, पुढचा फ्लोअर, डिकीचा तळ नवीन पत्र्यात’ असं लिहून घ्या.

फाइलमध्ये शेवटी एक पानाचा गोषवारा लावा: गाडीचं वर्ष, मॉडेल, काय मूळ आहे, काय बदललं, कुठे केलं, किती लागले. सर्व्हेअर आणि कंपनीचा अधिकारी दोघंही आधी हेच पान वाचतात.

किती किंमत मागायची

झालेला खर्च आणि बाजारभाव या वेगळ्या गोष्टी आहेत. साडेचार लाख घातले म्हणून गाडी साडेचार लाखांची होत नाही. लोकप्रिय मॉडेलला कधी खर्चापेक्षा जास्त मिळतात, बऱ्याच गाड्यांना निम्मेच. त्याच वर्षाच्या आसपासच्या आणि तशाच स्थितीतल्या गाड्यांच्या चार-पाच विक्री जाहिराती तारखेसह छापून घ्या. कुणा ओळखीच्याने नुकतीच गाडी विकली असेल आणि तो विक्रीपत्राची प्रत द्यायला तयार असेल तर फार चांगलं, कारण जाहिरातीतला आकडा मागणीचा असतो, विक्रीपत्रातला प्रत्यक्ष मिळालेला.

आकडा फुगवू नका. हप्ता त्या प्रमाणात वाढतो आणि दाव्याच्या वेळी पहिली शंका तुमच्यावरच येते. जुन्या दरपत्रकात सांगली ज्या विभागात येते तिथे दहा वर्षांवरच्या, 1000 ते 1500 सीसी मोटारीचा स्वतःच्या नुकसानीचा मूळ दर साडेतीन टक्क्यांच्या जवळ होता. त्या हिशेबाने 3 लाखांच्या गाडीला सवलतींआधी दहा हजारांच्या आसपास, वर थर्ड पार्टी आणि जीएसटी. आज प्रत्येक कंपनीचा दर वेगळा आहे, पण अंदाज बांधायला हा पुरतो.

नंतर बसवलेला एसी, स्टिरिओ यांसारख्या वस्तू वेगळ्या जाहीर कराव्या लागतात. दरपत्रकात विजेच्या जोड-वस्तूंना त्यांच्या किमतीच्या 4 टक्के जादा हप्ता होता. पॉलिसीत त्यांचा रकाना वेगळा असतो. तो कोरा राहिला तर त्या वस्तूंचं काही मिळत नाही.

कंपनीकडे कसं जायचं

ऑनलाइन संकेतस्थळांवर जुनी गाडी टाकली की बहुतेक वेळा फक्त थर्ड पार्टी दिसतं किंवा आयडीव्हीची पट्टी ठराविक हद्दीतच सरकते. म्हणून शाखेत जाऊन माणसाशी बोला. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या आणि एक-दोन खासगी कंपन्या, सगळीकडे तीच फाइल दाखवा. एजंटमार्फत गेलात तरी शाखाधिकाऱ्यांना एकदा स्वतः भेटा, कारण एजंटला जुन्या गाडीत फार कमिशन नसतं आणि तो थर्ड पार्टीवरच भागवायला बघतो.

मूल्यांकन करून घेण्याआधी एक प्रश्न विचारा: “कुणाचा रिपोर्ट तुम्हाला चालेल?” काही ठिकाणी आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा, परवाना असलेल्या कुठल्याही मोटार सर्व्हेअरचा चालतो, काही ठिकाणी कंपनी स्वतःच नेमते. हे न विचारता आधीच फी भरून रिपोर्ट आणलात तर तो बाजूला पडू शकतो. उत्तर ई-मेलवर मागा.

पाहणीच्या दिवशी गाडी धुऊन, थंड इंजिनने, उजेडाच्या जागी उभी ठेवा. सर्व्हेअरला ती थंड इंजिनवर सुरू होताना ऐकायची असते. टायरवरची उत्पादनाची तारीख, हेडलाइट, वायपर, हँडब्रेक सगळं चालू असू द्या. फाइल हातात द्या आणि ते विचारतील तेवढंच सांगा. दोष असेल तर तोही सांगा, तो रिपोर्टात आला की पुढे ‘हे आधीचंच नुकसान’ या वादात तुमच्याच कामी येतो. रिपोर्टात आकड्याच्या जोडीला स्थितीचं वर्णन, फोटो आणि सर्व्हेअरचा परवाना क्रमांक हवा.

मोठा आकडा असला तर शाखा तो वरच्या कार्यालयाकडे मंजुरीला पाठवते. वेळ लागतो. जुनी पॉलिसी संपायच्या महिनाभर आधी सुरुवात करा. खंड पडला तर पुन्हा पाहणी, आणि नव्वद दिवसांच्या वर गेलं तर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तीही जाते.

पॉलिसी हातात आल्यावर

त्याच दिवशी वाचा. आयडीव्ही ठरलेलीच आहे का, जोड-वस्तूंची रक्कम आली का, इंजिन-चासी नंबरात चूक नाही ना, पॉलिसी नुसती थर्ड पार्टी तर नाही ना. चूक असेल तर लेखी कळवून दुरुस्तीचं एन्डॉर्समेंट घ्या. मूल्यांकन रिपोर्ट आणि किंमत मान्य केल्याचा मेल पॉलिसीसोबतच ठेवा.

एक गोष्ट मात्र आधीच माहीत असू द्या. ठरवलेली किंमत टोटल लॉस आणि चोरीला उपयोगी. किरकोळ दुरुस्तीत सुट्या भागांवर घसारा लागतोच: रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरीला 50 टक्के, फायबरला 30, काचेला काही नाही, आणि दहा वर्षांवरच्या गाडीच्या लोखंडी भागांना 50 टक्के. रंगाच्या साहित्यावरही निम्मी कपात. हा घसारा टाळणारं ‘झिरो डेप’ कव्हर जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. म्हणून दुर्मीळ भागांची एखादी जोडी घरात ठेवणं केव्हाही चांगलं.

आणि नूतनीकरण. दरवर्षी संगणक आयडीव्ही आपोआप खाली आणतो आणि ‘रिन्यू करा’ची लिंक येते. ती दाबू नका. आधी मेल करा: मागच्या वर्षीची किंमत, गाडीचे ताजे फोटो, या वर्षी केलेल्या कामाची बिलं. दोन-तीन वर्षांनी नवा रिपोर्ट घ्या. चांगल्या राखलेल्या गाड्यांचे भाव वर जातात, तेव्हा किंमत वाढवून मागण्यात गैर काही नाही.

पुराचं वेगळं

2005, 2019, 2021. कृष्णेचं पाणी कुठवर येतं ते सांगलीकरांना सांगायला नको. पुराने झालेलं नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत येतं, थर्ड पार्टीत येत नाही. पण पाण्यात बुडालेली गाडी सुरू करायला गेलात, इंजिनात पाणी ओढलं गेलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर ते परिणामी नुकसान धरून कंपनी नाकारते. त्यासाठीचं इंजिन संरक्षण कव्हर जुन्या गाडीला मिळतं का ते किंमत ठरवतानाच विचारा. नसेल मिळत तर आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की गाडी विश्रामबागच्या बाजूला किंवा त्याहून उंच जागी हलवा, 45 फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका.

तरीही गाडी पाण्यात सापडलीच तर किल्ली फिरवू नका. पाणी गाडीला लागलेलं असतानाच, पातळीची खूण दिसेल असे फोटो काढा. बॅटरीची तार सोडवा, कंपनीला त्याच दिवशी मेल आणि फोन दोन्ही करा, आणि सर्व्हेअर येईपर्यंत गाडी टो करून गॅरेजला नेण्यापलीकडे काही उघडू नका. सर्व्हेअर टोटल लॉस म्हणाले तर मोडीची किंमत किती धरली ते लेखी घ्या. ती फार जास्त वाटली तर तेवढ्या किमतीचा खरेदीदार कंपनीनेच आणून द्यावा, अशी मागणी करा. गाडी तुम्हालाच ठेवायची असेल तर हा आकडा कमी धरला जाण्यात तुमचा फायदा आहे, त्यामुळे आधी आपलं ठरवा, मग बोला. दावा अडला तर कंपनीच्या तक्रार कक्षाला लेखी तक्रार करा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे वर्षाच्या आत जाता येतं. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. सोबत मूल्यांकन रिपोर्ट, किंमत मान्य केल्याचा मेल आणि दोन्ही चासी प्रिंट जोडा.